ठाण्याची खाडी समुद्राखाली पुढे दरी होऊन जाते का?

मीनल_ऐरोली | शुक्रवार, रात्री १०.१२
लेकीला समुद्रतळावर प्रकल्प आहे. म्हणजे अर्थात मलाच आहे. काल दोघी समुद्रतळाचा रंगीत नकाशा उघडून बसलो होतो. सिंधूच्या मुखासमोर तळावर एक लांबच लांब चर दिसतो, ओल्या पिठावरून बोट ओढल्यासारखा. गंगेच्या मुखापुढे बंगालच्या उपसागरात तसाच दुसरा. आणि मुंबईपुढे? सगळं पोळपाटासारखं सपाट.

लेकीचे प्रश्न जसेच्या तसे देते, कारण मला एकाचंही उत्तर आलं नाही. नदी समुद्राला मिळाली की संपते ना, मग तिने पाण्याखाली दरी कशी खोदली? त्या दरीला दोन्ही बाजूंनी झाडासारखे फाटे आहेत, तिथे पाऊस तर पडत नाही, मग फाटे पाडले कोणी? आणि आपली खाडी पुढे अशी का जात नाही?

सोमवारी वही द्यायची आहे. "गुगल करा" म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहावे.

झणझणीत | रात्री १०.२०
ठाण्याला दऱ्या नाहीत कोण म्हणतं? जुलैत घोडबंदर रोडला या. मुख्य दरी, उपदऱ्या, सगळं दाखवतो. पाण्याखाली असतात तेही जमतंय.

पारसिक_कर | रात्री १०.३१
सोपं आहे. हिमयुगात समुद्र खाली गेला होता. तेव्हा तळ उघडा पडला, नद्या त्यावरून वाहिल्या, दऱ्या कापल्या. मग समुद्र परत वर आला आणि दऱ्या बुडाल्या. फाटे म्हणजे बुडालेल्या उपनद्या. झाला प्रकल्प, झोपा आता.

मीनल_ऐरोली | रात्री १०.३४
वा! इतकं सोपं? लिहून टाकते.

दगडफोड्या | रात्री ११.०५
मीनलताई, थांबा, लिहू नका!

पारसिकदादा, हे उत्तर शंभर वर्षांपूर्वी भल्याभल्यांनी दिलं होतं, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. पण एक आकडा आडवा येतो. साधारण २०,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. या दऱ्या मात्र दोन-तीन हजार मीटर खोलीपर्यंत उतरतात. समुद्र १२० मीटर खाली गेला म्हणून नदी दोन हजार मीटरवर कशी पोचेल? आणि अशा मोठ्या दऱ्या जगभरात हजारोंनी आहेत. कित्येकींच्या डोक्याशी नदीच नाही.

मग कापणारा कोण? गढूळ पाणी. गाळ मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड. ते उतारावरून तळाला धरून घसरतं, जाताना खालचा चिखल उचलतं, त्यामुळे आणखी जड होतं, आणखी जोरात पळतं. रेजिनाल्ड डेली या भूशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये असे लोंढेच या दऱ्या कापत असावेत असं मांडलं. पुढच्याच वर्षी डच शास्त्रज्ञ फिलिप क्यूनेन याने पाण्याच्या टाकीत गढूळ पाणी सोडून असा लोंढा खरंच तळाने धावतो हे करून दाखवलं. तरी लोक मानेनात. टाकीत काय, काहीही होतं, असं म्हणणारे होतेच.

केबलवाला | रात्री ११.२८
मानेनात ते केबलमुळे मानले. हा माझा विषय, म्हणून घुसतो.

१८ नोव्हेंबर १९२९. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ ग्रँड बँक्सला समुद्राखाली मोठा भूकंप. अटलांटिकमधल्या बारा तार-केबल तुटल्या. भूकंपाजवळच्या लगेच तुटल्या, ते ठीक. पण उताराखालच्या बाकीच्या एकामागून एक, जशा खोल तशा उशिरा. शेवटची तुटली ती तेरा तासांनी. भूकंप काय तेरा तास रांगेत उभा राहतो? लोकांनी वर्षानुवर्षं भूकंपाच्या नावावर खपवलं. १९५२ मध्ये हीझन आणि ईविंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तुटल्याच्या वेळा आणि अंतरं मांडून गणित केलं. तळाने काहीतरी धावत गेलं होतं आणि वरच्या उतारावर त्याचा वेग तासाला ६० किलोमीटरच्या वर होता. ऐरोली पुलावर सकाळी नऊला एवढा वेग मिळाला तर मी पेढे वाटीन.

मी स्वतः याचा मार खाल्लेला आहे. डिसेंबर २००६, महापेला नाइट शिफ्ट. २६ तारखेला तैवानच्या दक्षिणेला भूकंप झाला आणि आमच्या स्क्रीनवरच्या पूर्वेकडच्या लिंका एकेक करून लाल व्हायला लागल्या. एकदम नाही, एकेक करून. मॅनेजर ओरडत होता, रीस्टार्ट करा. काय रीस्टार्ट करणार? तिथल्या काओपिंग नदीसमोर अशीच एक दरी आहे, तिच्यातून लोंढा उतरत होता आणि वाटेतल्या केबल तोडत चालला होता. दुरुस्तीला कित्येक आठवडे गेले.

ताजं उदाहरण हवं तर काँगो. जानेवारी २०२०. ती दरी तर नदीच्या मुखातच सुरू होते. लोंढा दोन दिवस चालला, ११०० किलोमीटरच्या पुढे गेला आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या दोन केबल तोडल्या.

झणझणीत | रात्री ११.३३
११०० किलोमीटर दोन दिवसांत, तेही चिखलात. कोकणात गणपतीला जाताना आम्हाला एवढं जमत नाही.

तांडेलाचा_नातू | शनिवार, सकाळी ७.०२
माझं शिक्षण बारावी, पण समुद्र घरचा. आमच्या आज्याकडे सुंभाच्या दोरीला बांधलेला शिशाचा गोळा होता. डोल जाळं मारायच्या आधी गोळा सोडायचा, दोरी हातावर वावाने मोजायची. दोन्ही हात पसरले की एक वाव. गोळा वर आला की बुडाला काय लागलंय ते बोटाने चोळून बघायचा, चिखल का रेती. कधी जिभेलाही लावायचा, आजी शिव्या द्यायची.

तर गंगेपुढच्या त्या दरीला इंग्रज लोक "स्वॉच ऑफ नो ग्राउंड" म्हणतात. अर्थ काय, तर गोळा टाकला आणि तळच लागला नाही. आजूबाजूला दहा-पंधरा वाव पाणी आणि मध्येच दोरी संपते. आज्याला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, दोरी आखूड होती तुझी.

ठाणेवाल्या_काकू | सकाळी ७.४०
नातवा, बोंबील काय भाव चाललाय सध्या?

तांडेलाचा_नातू | सकाळी ७.४१
काकू, तो धागा वेगळा काढा. रडायला जागा लागेल.

निवृत्त_मास्तर | सकाळी ९.१५
पारसिककरांची बाजू अगदीच पडलेली नाही, हे नोंदवून ठेवतो. समुद्र खरोखर हजारो मीटर खाली गेल्याचं एक उदाहरण आहे, आणि ते भूमध्य समुद्राचं. सुमारे ५९ लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरकडची वाट बंद पडली आणि तो समुद्र बराचसा आटला. त्याला मिळणाऱ्या नद्यांना एकदम खोल पायरी मिळाली, त्या कापत सुटल्या. इजिप्तमध्ये आस्वानचं मोठं धरण बांधताना पायासाठी छिद्रं घेतली, तर नाईलच्या पात्राखाली ग्रॅनाइटमध्ये कापलेली अरुंद खोल घळ सापडली, समुद्रसपाटीच्याही खाली गेलेली. आणि तिच्यात भरलेला गाळ समुद्रातला! किनारा तिथून हजार किलोमीटरच्या आसपास दूर. चुमाकोव्ह या रशियन भूशास्त्रज्ञाने त्याचा अर्थ लावला.

म्हणजे नदीने उघड्यावर कापलेली आणि नंतर बुडालेली दरी असू शकते. फक्त ती अपवाद आहे. अपवादावरून नियम सांगू नये, एवढंच.

पारसिक_कर | सकाळी ९.३०
मास्तर, आभारी आहे. म्हणजे मला दहापैकी तीन.

निवृत्त_मास्तर | सकाळी ९.३२
साडेतीन. अक्षर बरं आहे.

मीनल_ऐरोली | सकाळी १०.१०
हे सगळं वाचून लेक म्हणते, "नदीचं पाणी गोडं, समुद्राचं खारं. खारं जड. मग नदीचं पाणी वर तरंगेल ना? तळाशी कसं जाईल?" मी चहा करायला उठले.

दगडफोड्या | सकाळी ११.००
लेकीला माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर. नदीच्या पाण्याला खाऱ्या पाण्याखाली जायचं तर दर घनमीटरमागे साधारण ३५ ते ४० किलो गाळ हवा. इतकी गढूळ नदी क्वचितच असते, तीही महापुरात. बहुतेक वेळा गाळ वर तरंगत येतो, दरीच्या तोंडाशी हळूहळू बसतो, त्याचा ढीग चढत जातो. मग एखादं वादळ, भूकंप, नाहीतर उधाणाची मोठी ओहोटी, आणि ढीग घसरतो. काँगोतही आधी मोठा पूर होता आणि लोंढा सुटला तो उधाणाच्या सुमाराला.

आणि नदी नसली तरी चालतं. कॅलिफोर्नियात ला होया नावाची दरी आहे, किनाऱ्याला अगदी चिकटून. लाटा किनाऱ्याच्या कडेने वाळू सरकवत नेतात, ती वाळू दरीच्या तोंडाशी आली की आत पडते. गच्चीवर झाडू मारताना कचरा पन्हाळीत जातो, तसं. पोर्तुगालला नाझारेची दरी तशीच, मोठी नदी नाही आणि तोंड किनाऱ्याजवळ. खोल पाण्यातून लाट विनाअडथळा थेट आत येते, म्हणून तिथे चोवीस-पंचवीस मीटरच्या लाटांवर लोक फळ्या घेऊन चढतात.

झणझणीत | सकाळी ११.०४
आमच्याकडे पावसाळ्यात पार्किंगमध्ये चढतात.

कळवेकर | दुपारी १.२०
फाट्यांचा प्रश्न सगळे विसरले. त्याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या चाळीमागे खाडी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिथे रात्री सक्शन पंप लावून रेती काढायचे. कोण, कसे, ते जाऊ द्या. पंप एकाच जागी उभा राहून तळाला खड्डा करायचा. बार्ज भरली की निघून जायची. गंमत नंतर. ओहोटीला बघावं तर खड्डा काल होता तिथे नाही, काठाच्या दिशेने सरकलेला. वरची कड तुटायची, चिखल आत पडायचा, नवी कड उभी राहायची, ती पण तुटायची. पंप बंद होऊन आठवडा झाला तरी चालूच. आमच्याकडची पाच तिवरं अशीच गेली, मुळासकट आडवी. त्यांच्याखाली कोणी फावडंसुद्धा मारलं नव्हतं.

आणि मोठ्या खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत बारक्या घळी पडायच्या. पहिल्या दिवशी बोटाएवढ्या, नंतर त्यात माणूस उभा राहील एवढ्या. पाऊस नव्हता हो, मार्च महिना होता.

दगडफोड्या | दुपारी २.४५
कळवेकरदादा, तुम्ही माझ्या एम.एस्सी.च्या अर्ध्या तासाचं लेक्चर खाडीत बघितलंत.

दरी खालून वर वाढते, हा खरा मुद्दा. खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्यापुढचा उथळ तळ संपून समुद्र खोल होत जातो तिथे, वर्षानुवर्षं मऊ चिखल बसत राहतो. कुठेतरी तो स्वतःच्या वजनाने घसरतो. घसरलेल्या जागेच्या डोक्याशी उभी कड राहते, आधार गेलेली. ती पुढची तुटते, मग तिच्या मागची. असं मागे सरकत सरकत घळ उताराच्या माथ्याकडे जाते. बऱ्याच घळी अर्ध्यातच थांबतात, त्यांचं डोकं उतारावरच राहतं, त्यांना वरून कधीच काही मिळत नाही. एखादी मात्र भूखंडमंचाची, म्हणजे त्या उथळ सपाट तळाची, कड फोडते आणि तिला नदीचा नाहीतर किनाऱ्याचा गाळ सापडतो. तिचं नशीब उघडलं. तिच्यातून लोंढे धावायला लागतात, ती खोल जाते, शेजारच्या घळींचा गाळही तिच्याकडे वळतो. शेजारणी उपाशी राहून हळूहळू बुजतात.

आता फाटे. मुख्य दरी खोल गेली की तिच्या भिंती उभ्या होतात. उभी चिखलाची भिंत किती दिवस टिकणार? ती ढासळते, ढासळलेल्या जागी खाच पडते, खाचेचं डोकं वरच्या दिशेने मागे सरकतं. हाच फाटा. मुख्य दरी आणखी खोल झाली की फाट्याचं खालचं टोक पुन्हा अधांतरी, तो पुन्हा कापत मागे जातो. त्याला वेळ मिळाला तर तो मुख्य दरीच्या तळाशी समपातळीत येऊन मिळतो. नाही मिळाला तर वरच लटकत राहतो, माळशेजमधल्या धबधब्यांच्या घळी लटकतात तसा. याशिवाय दुसऱ्या जातीचे फाटेही असतात, स्वतःचं डोकं आणि स्वतःचा गाळ असलेले. ला होयाला मिळणारी स्क्रिप्स दरी तशी, तिचंही तोंड किनाऱ्याला टेकलेलं. म्हणजे एका झाडाला दोन प्रकारच्या फांद्या, काही वरून पोसलेल्या, काही भिंत ढासळून झालेल्या. नकाशावर सारख्याच दिसतात, हीच पंचाईत.

खाडीपलीकडचा | दुपारी ३.३०
ओहोटीला वाशीच्या पुलावरून गाळाच्या सपाटीवर झाडासारखी घळींची जाळी दिसते ती हीच का? लेकीला तीच दाखवा की.

निवृत्त_मास्तर | दुपारी ३.५०
दाखवा, पण सावध. दिसायला सारखं म्हणजे कारण सारखं नाही. खाजणातल्या घळी भरतीचं पाणी परत जाताना पाडते, दिवसातून दोनदा, आणि तिथे वाहतं ते पाणीच असतं. समुद्राखाली पाण्यात पाणी वाहत नाही, गाळ वाहतो आणि पाण्याला ओढून नेतो. शिवाय तिथे दोन लोंढ्यांमध्ये वर्षं जाऊ शकतात.

दगडफोड्या | सायंकाळी ४.१०
मास्तरांशी सहमत, थोडी दुरुस्ती. काही ठिकाणी वर्षभरातही बरेच होतात. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या दरीत २०१५ ते २०१७ अशी उपकरणं ठेवली होती. दीड वर्षात पंधरा लोंढे मोजले. त्यातला एक पन्नास किलोमीटरहून लांब गेला आणि जड जड उपकरणं उचलून खाली घेऊन गेला, काही ८०० किलोपर्यंतची.

केबलवाला | सायंकाळी ४.१५
ठेवलेलं सामान परत न मिळण्याचा अनुभव सरकारी कचेऱ्यांपुरता नाही, हे ऐकून बरं वाटलं.

ठाणेवाल्या_काकू | सायंकाळी ५.००
मग ती बुलेट ट्रेन खाडीखालून जाणार आहे, तिच्यावर नाही ना येणार हा लोंढा?

दगडफोड्या | सायंकाळी ५.२०
नाही काकू. त्या बोगद्याचा सात किलोमीटरचा भाग खाडीखाली आहे, पण तो तळावर ठेवलेला नाही, तळाच्याही खाली जमिनीतून नेलेला आहे. आणि आपल्या खाडीच्या तळाला उतार तो किती! लोंढ्याला पळायला उतार लागतो.

पारसिक_कर | सायंकाळी ५.२५
पण मूळ प्रश्न राहिलाच. आपल्यापुढे दरी का नाही? यावेळी मी उत्तर देत नाही, मार्क कापले जातात.

दगडफोड्या | रात्री ८.४०
आता तिकडेच येतो.

दरीला दोन गोष्टी लागतात, उताराची कड आणि त्या कडेपर्यंत पोचणारा गाळ. श्रीलंकेत त्रिंकोमालीला दरी थेट बंदरात शिरते, कारण तिथे कड किनाऱ्याला लागून आहे. आपल्याकडे उलट. मुंबईपुढचा भूखंडमंच भारतात सर्वात रुंद असलेल्या पट्ट्यांपैकी. बॉम्बे हाय आठवा, १९७४ मध्ये तेल लागलं ते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, आणि तिथे पाणी किती? सुमारे ७५ मीटर. आपल्या खारघर-घोडबंदरच्या टॉवरांएवढंही नाही. कड त्याच्याही पुढे, दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. उल्हास नदीचा गाळ तिथे पोचणार कसा? तो खाडीत आणि किनाऱ्याजवळच बसतो.

सिंधूचं तसं नाही. हिमालयाचा गाळ, प्रचंड. तिने आपल्या दरीचं तोंड मंचावर पार आत, सुमारे वीस मीटर पाण्यापर्यंत आणून ठेवलंय. त्या दरीतून गेलेल्या गाळाचा पंखा अरबी समुद्राच्या तळावर पसरलाय, जगातला दुसरा मोठा. पहिला गंगा-ब्रह्मपुत्रेचा, सुमारे ३००० किलोमीटर लांब.

आता पारसिककरांचं साडेतीन मार्कांचं हिमयुग इथे कामाला येतं. समुद्र १२० मीटर खाली होता तेव्हा हा सगळा मंच उघडा होता. आपल्या नद्या त्यावरून पुढे वाहत गेल्या असणार. न्यूयॉर्कच्या हडसन नदीचं बघा. तिच्या जुन्या पात्राचा चर बुडालेल्या मंचावर आजही दिसतो आणि पुढे कडेशी हडसनची दरी आहे. आज नदी आणि दरी यांची भेट तुटलेली आहे. समुद्र चढला, गाळ मधेच बसायला लागला, दरी निवांत झाली. आपली खाडी ही त्याच गोष्टीचं वरचं टोक. ठाण्याची खाडी म्हणजे समुद्र चढल्यावर बुडालेली दरीच आहे, मीनलताई. फक्त पुढचा भाग उथळ आणि सपाट, म्हणून नकाशावर चर दिसत नाही.

तांडेलाचा_नातू | रात्री ९.०५
त्या मंचावर "फिफ्टी फॅदम फ्लॅट" म्हणून एक सपाटी आहे, चार्टवर नाव आहे. फॅदम म्हणजे वावच. पन्नास वाव. तिथे तळाला आपला काळा चिखल नाही म्हणतात, चुनखडीचा कडक तळ. आपला गाळ तिथे पोचत नाही, हे त्यातही दिसतंय ना?

दगडफोड्या | रात्री ९.१२
दिसतंय. आज्याने चव घेऊन सांगितलं असतं.

खाडीपलीकडचा | रात्री ९.२०
शिवाय सह्याद्रीचं पाणी जातंच कुठे? गोदावरी त्र्यंबकला निघते, अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरसुद्धा नाही, आणि बाई निघाल्या आंध्राला. कृष्णा महाबळेश्वरहून, तीही तिकडेच. पूर्व किनाऱ्याला मंच अरुंद, तिथे कृष्णा-गोदावरीपुढच्या उतारावर दऱ्या आहेत. म्हणजे नाशिक-साताऱ्याच्या मातीने तिकडे दऱ्या पाडल्या आणि आपण इकडे पोळपाट बघत बसलो.

झणझणीत | रात्री ९.२२
आपलं पाणी कायम दुसरेच नेतात.

मीनल_ऐरोली | रविवार, रात्री ८.३०
मंडळी, प्रकल्प झाला. अहवाल देते.

सकाळी ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला काठावर गेलो. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे सावध होतो, फक्त बघितलं. मोठ्या घळीच्या कडेला चिखलाचा एक तुकडा सुटून आत पडलेला होता, पावाच्या लादीएवढा, वरचं शेवाळ तसंच. त्याच्या मागे कडेला नवीन भेग. लेक अर्धा तास उकिडवी बसून ती भेग कधी तुटते याची वाट बघत होती. शेवटी एक निवटी (चिखलात उड्या मारणारा मासा) तिच्यावरून उडी मारून गेली आणि तुकडा खाली. टाळ्या वाजवल्या तिने.

दुपारी घरी क्यूनेन. रिकामा पडलेला फिश टँक घेतला, त्यात साधं पाणी, आणि आत पोळपाट तिरका लावून वरून वरवंटा ठेवला, तरंगू नये म्हणून. मुलतानी माती मिठाच्या पाण्यात कालवून चमच्याने वरच्या टोकाशी अलगद सोडली. आधी नुसतीच विरघळली. दुसऱ्यांदा दाट केली तेव्हा मात्र ढग खाली बसला आणि पोळपाटावरून सरळ घरंगळत गेला, पुढे फुगीर डोकं आणि मागे बारीक शेपूट. वरचं पाणी स्वच्छ. मी खरंच "अगं बाई" म्हणाले. मग पोळपाटावर ओल्या मातीचा थर देऊन तेच केलं. सात-आठ वेळा सोडल्यावर मधोमध बारीक चर पडला. फाटे मात्र पडले नाहीत. लेकीने वहीत लिहिलंय, "फाटे पडले नाहीत कारण आमची दरी खोल नव्हती आणि सोमवार आला."

दगडफोड्या | रात्री ८.४४
हे वाक्य मी माझ्या प्रबंधात घेतो.

ठाणेवाल्या_काकू | रात्री ८.५०
अगं, पण पोळ्या कशावर लाटल्यास?

मीनल_ऐरोली | रात्री ८.५२
काकू, पाव आणलाय. सासूबाई वडे तळतायत आणि माझ्याशी बोलत नाहीत.